म्हशीचं इंजेक्शन आणि बाळंतिणीचं इंजेक्शन

परवा रात्री साडेदहाला मावसबहिणीचा फोन आला. तिला आठवा महिना चालू आहे. "दादा, तू जनावरांचा डॉक्टर, तूच सांग. म्हशीला पान्हवायला टोचतात तेच इंजेक्शन बाळंतपणानंतर बाईला देतात म्हणे. मी आमच्या डॉक्टरीणबाईंना नको म्हणून सांगू का?" पाठोपाठ तिने तो मेसेज पाठवला. तो मला याआधीही किती जणांनी पाठवला होता. वाचायचा आणि सोडून द्यायचा, एवढंच मी करत आलो. पण आता तो माझ्या घरातल्या पोटुशीपर्यंत पोचला आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: दुधाच्या जनावरांना ऑक्सिटोसिन हे पान्हा सोडवणारं संप्रेरक (हॉर्मोन) टोचतात, ते दुधात उतरतं, उकळलं तरी जात नाही, त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या मुली वयात येतात, हे विष संकरित गायींच्याच दुधात असतं, देशी जनावराला इंजेक्शन लागत नाही, माजावर आणायला दिलेली हॉर्मोन्सही आपल्या पोटात जातात, परदेशात या सगळ्याला बंदी आहे, आणि शेवटी, हेच 'जनावराचं इंजेक्शन' दवाखान्यात बाळंतिणीला देतात, ते घेऊ नका.

शेवटचा मुद्दा आधी घेतो. बाकीच्या मुद्द्यांवर विश्वास ठेवून फार तर कुणी दूध सोडेल. या मुद्द्यावर विश्वास ठेवून बाई दगावेल.

मूल बाहेर आलं की वार सुटते, आणि ती जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त येत असतं. या वाहिन्यांची तोंडं बाहेरून कुणी बांधत नाही. गर्भाशयाचा स्नायू आवळतो, त्याच्या धाग्यांमध्ये त्या चिमटल्या जातात आणि रक्त थांबतं. स्नायू ढिला राहिला तर धडधाकट बाई तास-दोन तासांत हाताबाहेर जाते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे आपल्या देशात मातामृत्यूचं एक प्रमुख कारण आहे, आणि तो टाळण्यासाठी मूल जन्मताच बाईला १० युनिट ऑक्सिटोसिन द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच इंजेक्शन नाकारायला सांगितलं आहे. त्याने कधी रक्ताने भिजलेली गादी पाहिली आहे का?

'जनावराचं इंजेक्शन' हा शब्दच खोटा आहे. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. गाय, म्हैस आणि बाई, तिघींच्या मेंदूत ती तशीच तयार होते. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये ती प्रयोगशाळेत बनवून दाखवली आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. उद्या माझी बहीण बाळाला पदराखाली घेईल आणि तिला पान्हा फुटेल, तो याच संप्रेरकामुळे. तबेल्यात त्याचा गैरवापर होतो म्हणून ते बाळंतिणीला अपवित्र झालं, हा कुठला विचार?

आणि हा घोळ नुसत्या मेसेजपुरता राहिलेला नाही. जनावरांमधला गैरवापर थांबवायचा म्हणून केंद्र सरकारने २७ एप्रिल २०१८ रोजी अधिसूचना काढली आणि देशात विकण्यासाठी ऑक्सिटोसिन बनवायला खाजगी कंपन्यांना मनाई केली. सगळा भार कर्नाटकातल्या एका सरकारी कंपनीवर टाकला. त्या वर्षी १४ डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. निर्णय मनमानी आहे, त्याला शास्त्रीय आधार नाही आणि बाळंतिणींना औषध मिळालं नाही तर काय होईल याचा विचारच झालेला नाही, असा त्या निकालाचा सूर होता. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हशीच्या पान्ह्यावरून सुरू झालेली गोष्ट बाळंतिणीच्या जिवाशी कशी येते, हे समजायला एवढं पुरे.

आता दूध आणि मुली. इथे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं काम माझ्या मते निर्णायक आहे. तिथल्या संशोधकांनी इंजेक्शन दिलेल्या आणि न दिलेल्या जनावरांचं दूध तपासलं. इंजेक्शनमुळे दुधातलं ऑक्सिटोसिन वाढलेलं आढळलं नाही. ते 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये २०१४ साली छापून आलं आहे. त्याच अभ्यासात मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी निघाली, आणि ती मला मान्य करावी लागते: दुधात मुळात जे थोडं ऑक्सिटोसिन असतं ते उकळल्याने नष्ट होत नाही. पण पचनाचे रस लागले की ते झपाट्याने तुटतं. डाळीतलं प्रथिन तुटतं तसंच. म्हणून तर हे औषध गोळी म्हणून गिळायला देत नाहीत, टोचावं लागतं. रक्तात गेलेलंसुद्धा काही मिनिटांत निम्मं होतं.

शिवाय मुलगी वयात येते ती ऑक्सिटोसिनने नव्हे. मेंदूतून एक वेगळं संप्रेरक ठराविक अंतराने सुटू लागतं, त्याने मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी जागी होते, तिच्या सांगण्यावरून बीजकोश इस्ट्रोजेन बनवतात. या साखळीत दुधातलं ऑक्सिटोसिन कुठेच बसत नाही. मुली आजीच्या पिढीपेक्षा लवकर वयात येतात, हे खरं आहे. त्यामागे बरचसं पोषण आणि अंगावरची चरबी आहे. आठ वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर मुलीला डॉक्टरकडे न्या. तिचा दुधाचा पेला काढून घेतल्याने काहीही साधणार नाही.

देशी-संकरितचा मुद्दा तर पूर्ण उलटा आहे, आणि गोठ्यात एक दिवस काढलेला माणूस असं लिहिणार नाही. होल्स्टीन गायीच्या कासेत धारेआधीच साधारण पाचवा हिस्सा दूध खालच्या पोकळीत उतरलेलं असतं. सड धुतले, मशीन लावलं की ती दूध देते. म्हशीचं तसं नसतं. तिचं जवळजवळ सगळं, शंभरातलं पंच्याण्णव भाग दूध वरच्या बारीक पिशव्यांत अडकलेलं असतं आणि ऑक्सिटोसिन सुटल्याशिवाय खाली येत नाही. रेडकाने दोन ढुशा मारल्या, आंबोणाची बादली समोर आली, ओळखीचा हात कासेला लागला की मेंदू ते सोडतो. म्हैस बिचकली, कुणी मारलं, नवा माणूस आला की अ‍ॅड्रेनलिन आडवं येतं आणि ती पान्हा चोरते. देशी गायही वासराशिवाय सहसा पान्हवत नाही. त्यामुळे इंजेक्शनचा मोह जिथे होतो ती जनावरं बहुतेक म्हशीच असतात, यंत्रावर पिळली जाणारी संकरित गाय नव्हे.

आणि हो, मोह होतो, हे मी नाकारत नाही. शिकत असताना मुंबई उपनगरातल्या एका तबेल्यात पहाटे गेलो होतो. खिडकीत बिनलेबलाची बाटली, एकच सुई, आणि ओळीने पंचवीस-तीस म्हशी. टोणगा जगवायचा तर त्याला दूध पाजावं लागतं, म्हणून तो आठवड्यात मरू द्यायचा. मग आई पान्हवत नाही, म्हणून सुई. आमच्याकडे जुने लोक मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे उभं करायचे, ते मला या सुईपेक्षा जास्त माणुसकीचं वाटतं. रोज टोचलेली म्हैस पुढे इंजेक्शनशिवाय पान्हवेनाशी होते. माजानंतरच्या पहिल्या आठवड्यात रोज इंजेक्शन बसलं तर बीजकोशावरचं पीतपिंड, म्हणजे माजानंतर तिथे तयार होणारी गाठ, वेळेआधी विरतं, एकवीस दिवसांचं चक्र आठ-दहा दिवसांवर येतं, आणि मालक आमच्याकडे तक्रार घेऊन येतो की जनावर सारखं उलटतंय, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतंय.

हा छळ नवा नाही. पूर्वी 'फुंका' घालत, म्हणजे नळीने योनिमार्गात हवा भरत. तिथला भाग ताणला की मेंदू ऑक्सिटोसिन सोडतो, म्हणून तो क्रूर उपाय लागू पडायचा. त्याची माहिती कळल्यावर गांधीजींना गायी-म्हशीच्या दुधाची किळस आली. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ मध्ये फुंका आणि जनावराला अपाय करणारं दूधवाढीचं इंजेक्शन दोन्ही एकाच ओळीत गुन्हा ठरवले आहेत. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे यात बळी म्हैस आहे. तिच्यासाठी कुणी मेसेज लिहिला असता तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता.

राहिलेले दोन मुद्दे. माजावर आणायला आम्ही जी औषधं देतो, ती महिन्यामहिन्याने, ठरलेल्या दिवशी एक-दोनदा देतो, रोज नाही. त्यातलं प्रोस्टाग्लँडिन तर फुप्फुसांतून एकदा फिरलं की बरंचसं मोडतं. आणि परदेशातली बंदी ऑक्सिटोसिनवर नाहीच. अमेरिकेत १९९४ पासून गायींना दूध वाढवायला कृत्रिम वाढसंप्रेरक देऊ लागले; युरोप आणि कॅनडाने ते नाकारलं. कॅनडाने १९९९ मध्ये कारण दिलं ते कासदाह आणि लंगडेपणाचं, म्हणजे गायीच्या तब्येतीचं. दोन वेगळी संप्रेरकं एका वाक्यात कोंबून मेसेज तयार झाला.

बहिणीला मी सांगितलं, इंजेक्शन नको असं तोंडातून काढूही नकोस. विचारायचंच असेल तर एवढं विचार, की तुमच्याकडे ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये ठेवतात ना? कारण हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, उन्हात पडलेल्या बाटलीत जोर उरत नाही. काल तपासणीला गेली तेव्हा तिने विचारलं. डॉक्टरीणबाईंनी तिला प्रसूतिकक्षात नेऊन फ्रिज उघडून दाखवला.