कंडोम फाटला? आधी घड्याळ बघा

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून माझं एक मत पक्कं झालंय. कंडोम फाटल्याने माणसं जेवढी अडचणीत येतात, त्याहून जास्त नंतर लाजत बसल्याने येतात.

गिऱ्हाईक येतं. दुकानात दुसरं कुणी असेल तर आधी डोकेदुखीची गोळी मागतं, मग ओआरएस, मग मोबाईलमध्ये तोंड खुपसून कोपऱ्यात उभं राहतं. गर्दी पांगली की हळूच विचारतं, "काका, ती बहात्तरवाली आहे का?" मी विचारतो, कधी झालं? उत्तर बहुतेकदा "परवा". म्हणजे दोन दिवस मित्रांच्या सल्ल्यात गेले.

पाकिटावर ७२ तास छापलंय याचा अर्थ तोवर निवांत राहा असा नाही. दिवस राहू नयेत म्हणून संबंधानंतर घ्यायची लिव्होनॉर्जेस्ट्रेलची ही १.५ मिलिग्रॅमची गोळी स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. ते आधीच बाहेर पडलं असेल तर गोळीच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून रात्री फाटला तर रात्रीच घ्या. चिठ्ठी लागत नाही, लग्नाचा दाखला तर नाहीच. आशाताईंकडेही सरकारी गोळी मिळते. घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाळी थोडी मागेपुढे होते, पण आठवड्याहून जास्त लांबली तर घरी टेस्ट करा.

टीबीची रिफाम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर मात्र या गोळीचा असर कमी होतो. हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून तुम्हीच विचारा. अशा वेळी, आणि एरवीही, पाच दिवसांच्या आत बसवलेली कॉपर-टी गोळीपेक्षा खात्रीची. सरकारी दवाखान्यात ती फुकट बसवतात.

आणि एक, ही गर्भपाताची गोळी नव्हे. गर्भपाताचं किट वेगळं, ते डॉक्टरांशिवाय घ्यायचं नाही. दोन्हींची गल्लत करणारे चांगले शिकलेसवरलेले लोक मी पाहिलेत.

कंडोम आतच राहिला तर घाबरू नका, तो पोटात जाऊन कुठे हरवत नाही. हात धुऊन, उकिडवं बसून बोटांनी काढता येतो. नाही निघाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आत पाणी मारणं, लिंबू, डेटॉल असले उद्योग नकोत. त्याने दिवस राहायचे थांबत नाहीत, आग मात्र होते.

मुळात फाटतो का? बऱ्याचदा खोबरेल तेलाची करामत असते. तेल किंवा व्हॅसलीन लागलं की लेटेक्स पाहता पाहता कमजोर होतं, पाण्यावर आधारित जेल घ्या. खिशातल्या पाकिटात महिनोनमहिने दाबून ठेवलेला, दातांनी फोडलेला, टोकाची हवा न काढता चढवलेला, हे बाकीचे नेहमीचे गुन्हेगार. 'डबल सेफ्टी' म्हणून दोन घालणारे महाभाग तर वेगळेच. घासून दोन्ही फाटतात.

गर्भाचं बघताना आजाराचं विसरू नका. गोळी एचआयव्ही अडवत नाही. समोरच्याची खात्री नसेल तर ७२ तासांच्या आत जिल्हा रुग्णालयात किंवा एआरटी केंद्रात (एचआयव्हीचे उपचार मिळतात तिथे) जाऊन पेप, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळायची औषधं, मागा. ती औषधं २८ दिवस घ्यायची असतात. इथे तर एकेक तास मोलाचा. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ वर फोन करा, तो फुकट लागतो.

आणि कंडोम न सांगता मध्येच काढून टाकला असेल तर त्याला अपघात म्हणू नका. तो विश्वासघात आहे. तिथे गोळीची धावपळ एकट्या बाईने करायची आणि बाप्याने "होतं असं कधीकधी" म्हणायचं, हे मला चीड आणणारं आहे.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं ते १९२१ साली. शंभर वर्षं उलटली तरी आम्ही ते पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळ्या पिशवीत घालून देतोय. मी काळी पिशवी बंद केली. दोन-चार जण कुरकुरले, बाकीचे सरळ खिशात घालून गेले.

काही विचारायचं असेल तर इनबॉक्स उघडा आहे. 'मित्रासाठी विचारतोय' ही प्रस्तावना नको, कधी झालं ते पहिल्या ओळीत लिहा.