प्राणी कल्याणाचा प्रोजेक्ट, गोठ्यात पाय न ठेवता

सेकंड इयरच्या पोरांनो, पर्यावरणाचा प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली आन् तुमच्यातल्या निम्म्यांनी प्राणी कल्याण हा विषय घेतलाय, का तर सोपा वाटला म्हणून. बरोबर केलंत. फक्त एवढं ध्यानात ठेवा, माहिती कुठूनबी आणा पण जनावराजवळून आणू नका.

आधी कव्हर. गुगलवर हिरव्यागार गवतात उभी असलेली काळी-पांढरी होल्स्टिन गाय मिळती, तीच लावायची. तुमच्या दावणीला देवणी नाहीतर लाल कंधारी असंल, असू द्या, तिचा फोटो काढायला गेलं की मागं पत्रे, कडब्याची गंजी आन् वाळत घातलेलं बनियन येतंय. सरांना कसं, फाईल उघडल्यावर परदेशात उतरल्यावानी वाटलं पाहिजे.

पहिल्या पानावर गांधीजींचं ते वाक्य, देशाची थोरवी तो आपल्या जनावरांना कसं वागवतो त्यावरून कळते वगैरे. शोधणाऱ्यांना ते गांधीजींच्या लिखाणात कुठंच सापडलेलं नाही म्हणतात, पण तुम्हाला काय करायचंय, मागच्या बॅचच्या फाईलमधे आहे ना, झालं. मागची बॅच हाच आपला सगळ्यात मोठा संदर्भ.

आता संदर्भ म्हणजे काय ते नीट समजून घ्या. 2021 चा डिसेंबर आठवा, माजलगाव तालुक्यातलं लवूळ. वानरांनी बदला घ्यायला कुत्र्याची अडीचशे पिल्लं मारली अशी बातमी बीड जिल्ह्यातून निघाली ती थेट विलायत-अमेरिकेच्या पेपरात जाऊन बसली, वनखात्यानं दोन वानरं पिंजऱ्यात धरून नेली, आन् ज्यांनी गावात जाऊन विचारलं त्यांना आकडा बराच कमी सांगितला गेला, पिल्लं उचलून झाडावर-माळवदावर नेत होती, तिथं ती पडून नाहीतर उपाशी मरत होती असं लोक सांगायले. आता तुम्ही कोणता आकडा लिहिणार? अडीचशेच. एकाच एजन्सीची बातमी तीन पेपरांनी उचलली की ते तीन संदर्भ होतात, लवूळची म्हातारी मात्र एकबी संदर्भ होत नाही. माजलगावला एसटी जाती म्हणून काय झालं, लंडनची लिंक एका क्लिकवर उघडती.

कायद्याचं पान टाकावंच लागतं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा, 1960. एवढं लिहून थांबा. कलम 11 खाली पहिल्या गुन्ह्याला दंड किती ते उघडून बघायला जाऊ नका, कारण तिथं कमीत कमी दहा आन् जास्तीत जास्त पन्नास रुपये लिहिलंय, आन् तुमच्या फाईलचं स्पायरल बाइंडिंग त्याच्या आसपास जातंय. मग उगं हसू येतं, प्रोजेक्ट गंभीर दिसला पाहिजे.

तसंच ओझ्याच्या जनावरांचे 1965 चे नियम. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, आन् पारा 37 च्या वर असंल तर दुपारी बारा ते तीन गाडी ओढवायची नाही. आपल्याकडं एप्रिल-मे मधे पारा 37 च्या खाली कधी असतो ते तुम्हीच सांगा. त्याच दिवसांत शेणखताच्या गाड्या रानात चाललेल्या असत्यात. आता आजोबा काय करतात, तर पहाटंच जुंपतात, ऊन चढलं की बैल सोडून लिंबाखाली बांधतात, पाणी दाखवतात, हा नियम त्यांनी कधी वाचलेला नाही तरी. पण हे लिहायचं नाही बरं का, छापलेल्या शोधनिबंधाला असतो तसा ओळखीचा डीओआय नंबर आजोबांना नसतो.

मग पाच स्वातंत्र्यांचा तक्ता. पाळीव जनावरांना कसं ठेवतात ते तपासणाऱ्या 1965 च्या इंग्लंडमधल्या ब्रॅम्बेल समितीपासून ही कल्पना निघाली, भूक-तहान, गैरसोय, दुखणं, भीती यांच्यापासून सुटका आन् पाचवं म्हणजे नैसर्गिक वागायची मोकळीक. इंग्लंडचं उदाहरण द्या, तिथं पाऊस पडतो. पहिल्याच रकान्यात तहान आली की आपली पंचाईत होती, 2016 च्या एप्रिलमधे लातूरच्या माणसांनाच मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तर जनावरांच्या रकान्यात टिक करायची का फुली? चारा छावणीत बाया-माणसं जनावरांबरोबर महिनोन् महिने राहिली, तिथं कुणाचं कल्याण चाललं होतं, जनावराचं का माणसाचं, हे वेगळं काढताच येत नव्हतं. तक्त्यात बसत नाही ना, सोडून द्या. तक्ता चौकोनी पाहिजे.

बैलगाडा शर्यतीचं मात्र दोन्ही बाजूंनी लिहा. 2014 ला सुप्रीम कोर्टानं बंद केली आन् 2023 ला घटनापीठानं शर्यतीला परवानगी देणारा राज्याचा कायदा मान्य केला. कोणती बाजू आपली ते सर कुठल्या गावचे आहेत ते बघून ठरवा.

राहिली व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, विचारतील, घरी जनावरं आहेत का? दहा असली तरी नाही म्हणा. हो म्हणलं की पुढचं चालू होतं, लाळ-खुरकुताची लस कधी दिली, गाय कितव्या वेताची, कानातला बिल्ला आहे का पडला, आन् मग तुम्हाला आईला फोन लावावा लागतो, आन् ती गेलेली असती वैरणीला, फोन घरी चार्जिंगला.