बोरमाळेतली लाख आणि मेसेजमधला हिशोब

शनिवारी सकाळीच कोल्हापूरहून आत्याचा फोन. "अरे, हॉलमार्क म्हणजे शुद्धतेचा छाप नसलेलं सोनं आता मातीमोल होणार म्हणे. बोरमाळ आजच मोडून टाकते." पाठोपाठ तिनं हे ज्यात वाचलं तो मेसेजही आला, खाली 'प्रत्येक गृहिणीपर्यंत पोहोचवा' अशी शेपटी. आमच्या तीन ग्रुपांवर तो आधीच फिरून गेला होता, मी सोडून दिला होता. आता आत्याच गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात निघाली, म्हणून लिहायला बसलो.

आधी ते मातीमोल प्रकरण. जून 2021 पासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्यानं आली. 1 एप्रिल 2023 पासून सक्तीच्या जिल्ह्यांत एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र सहा अंकाक्षरांच्या ओळख क्रमांकाशिवाय, सराफाला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. सराफाला! आत्याच्या कपाटाला नाही. भारतीय मानक ब्यूरोनं हे स्पष्ट केलेलं आहे: घरातलं जुनं सोनं ठेवा, मोडा, बदलून घ्या, कुणी अडवत नाही. उलट ब्यूरोची मान्यता असलेल्या केंद्रात आपला बिनछापाचा दागिना आपणच तपासून घेऊ शकतो. 2022 मध्ये जाहीर झालेला दर चार नगांपर्यंत 200 रुपये होता. हे मात्र त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

दुसरा मुद्दा जास्त घातक, कारण तो गणितासारखा दिसतो. 'दागिन्याचं वजन गुणिले आजचा 22 कॅरेटचा भाव. रुपया कमी दिला तर सोनार चोर.'

अहो, बोरमाळेचे मणी पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. मुशीत, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यात घातलं की आधी ती लाख जळते, धूर होतो, मग सोनं उरतं. शिवाय जुन्या दागिन्यात डाक, म्हणजे जोडकामाचा हलका धातू लावलेला असतो, आणि आजीच्या काळातलं सोनं 22 कॅरेटचंच होतं याची पावती कुणाकडे आहे?

समजा माळ 30 ग्रॅमची आणि शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये. मेसेजच्या हिशोबानं, म्हणजे 22 कॅरेटच्या (91.6 टक्के शुद्ध) 9,160 च्या भावानं, आत्या 2,74,800 ची आशा धरणार. प्रत्यक्षात आटवून लगड (वितळवलेल्या सोन्याचा गोळा) भरली 21 ग्रॅम, टंच, म्हणजे शुद्धतेची टक्केवारी, निघाला 84. म्हणजे शुद्ध सोनं 17.64 ग्रॅम, किंमत 1,76,400. मधले 98,400 सोनारानं खाल्ले नाहीत, ते माळेत कधी नव्हतेच.

घटीच्या, म्हणजे आटवताना कमी होणाऱ्या वजनाच्या नावाखाली लुटतात, हे मेसेजमधलं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे, कबूल करतो. माळ आटवून लगड केली, वजन केलं, टंच काढला, की लाख आणि डाक दोन्हीचा हिशोब संपला. त्यानंतरही कुणी 'दहा टक्के घट' म्हणून कापत असेल, तर वरच्या उदाहरणात ते 17,640 रुपये झाले. भांडायचं तर इथं. आटवणावळ किंवा मोडीचं कमिशन घ्यायचं असेल तर माळ मुशीत जाण्याआधी आकडा सांगा म्हणावं. आटवणीही डोळ्यांसमोर व्हायला हवी. टंच काढणारं यंत्र पृष्ठभागच वाचतं, त्यामुळे वितळवण्याआधीचा आकडा धरून बसायचं नाही.

'पावती नसली तरी घडणावळ परत मागा.' मागा की. मोडीत घडणावळ धरत नाहीत, हे आत्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

उरला शेवटचा मुद्दा: 'चुंबक चिकटला नाही तर सोनं अस्सल.' आत्यानं फ्रिजवरचा गणपती काढून माळेला लावूनही पाहिला म्हणे. चिकटला नाही, म्हणून खूश. तांबं, पितळ, चांदी, कशालाच चुंबक चिकटत नाही. या कसोटीवर तिच्या देवघरातली समईसुद्धा बावनकशी ठरते.