जवारी, गहू आणि ‘आम्ही फक्त मित्र आहोत’

परवा गिरणीतून जे पीठ घरी आलं त्याला जवारीचं म्हणावं, गव्हाचं म्हणावं की बेसनाचं, याचा निकाल अजून लागलेला नाही. मी डबा घेऊन निघालो तेव्हा त्यात आठ किलो मालदांडी जवारी होती. निवडलेली, टपोरी, मोत्यासारखी. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. शपथ घ्यायला कुणी बोलवत नाही, हे वेगळं.

कारण सांगतो. गिरणीवाल्याचा मोबाइल तराजूला टेकवून उभा होता आणि त्यात स्पर्धकांना कॅमेऱ्यांच्या घरात कोंडून ठेवणाऱ्या ‘बिग बॉस मराठी’चा पाचवा सीझन चालू होता. हा सीझन २८ जुलै २०२४ ला सुरू झाला आणि ६ ऑक्टोबरला सूरज चव्हाण जिंकून संपला, असं बाकीचा महाराष्ट्र समजतो. लातुरात तो संपलेला नाही. होस्ट रितेश देशमुख म्हणजे बाभळगावचा, घरचाच माणूस. ज्यांच्या ‘मैत्री’वरून सगळा सीझन तापला ते निक्की तांबोळी आणि अरबाज पटेल छत्रपती संभाजीनगरचे. म्हणजे पाणी सोडून मराठवाड्याला जे जे मिळायचं ते सगळं त्या एका घरात मिळालं होतं. ते तुकडे लोक अजून पुन्हा पुन्हा बघतात.

गिरणी चालू असली की मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवूनही काही ऐकू येत नाही. त्यामुळं आमच्या गिरणीत हा कार्यक्रम मूकपटासारखा बघतात. ओठ हलतात, कुणी उठून जातं, कुणी उशीत तोंड खुपसतं आणि मागं मोटर घरघरत असते. फारच महत्त्वाचं काही वाटलं तर गिरणीवाला मोटर बंद करतो, सगळे संवाद ऐकतात, मग मोटर पुन्हा चालू. या चालू-बंदमध्येच माझी जवारी गेली, पण त्याकडं नंतर येतो.

तिथं पालथ्या डब्यावर एक मावशी बसलेल्या होत्या. मांडीवर गव्हाची पिशवी, दातांना मिसरी, पदरावर कुणाकुणाचं पीठ. दळण पाच किलोचं, पण मुक्काम पाच ते सात. माझ्या डोळ्यांवर चष्मा आहे एवढ्या पुराव्यावर त्यांनी मला सर करून टाकलं.

“सर, ह्या पोरीचं त्या पोरावर मन हाय का नाही?”

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण या विषयातलं मला थोडं कळतं, आणि थोडं कळणाऱ्या माणसाला गप्प बसवत नाही.

मी म्हणालो, “मावशी, आपण बघतो ते सगळं कापलेलं असतं.”

“कापलेलं म्हंजे?”

म्हणजे असं. दिवसाची मिनिटं १४४०. त्यातली आपल्याला दिसतात ती जाहिराती वगळून पाऊण तासाच्या आसपास, म्हणजे तीस मिनिटांमागं एक. उरलेल्या एकोणतीस मिनिटांत त्यांनी कांदा चिरला, ढेकर दिले, जांभया दिल्या आणि कदाचित “अगं, मला तू बहिणीसारखी आहेस” असंही म्हटलं. ते दाखवलं तर उद्या बघणार कोण? त्या कार्यक्रमात प्रेम जुळलं तर गोष्ट संपते, तुटलं तरी संपते. म्हणून ते रोज रात्री थोडं जुळवून थोडं तुटतं ठेवावं लागतं, दह्याचं विरजण राखून ठेवतात तसं.

कापलेलं ओळखायचं कसं, तर बोलणाऱ्याचा चेहरा बघत राहायचं. वाक्याच्या मधात चेहरा जाऊन पाठ, छत किंवा ऐकणाऱ्याचं तोंड आलं आणि आवाज मात्र चालूच राहिला, तर तिथं शिवण असण्याचा संशय घ्यावा. दोन वेगळ्या वेळची अर्धी अर्धी वाक्यं जोडून एक करायची सोय तिथंच असते. मग हातातला चहाचा कप बघायचा. अर्धा होता, पुढच्या क्षणी भरलेला दिसला, तर चहा वाढत नसतो, दृश्य मागचं असतं. ओले केस वाळले का, बांधलेले सुटले का, खिडकीतलं ऊन सरकलं का. हे एकदा बघायची सवय लागली की कार्यक्रमातली मजा जाते, पण आपण शहाणे झाल्याचं समाधान मिळतं आणि ते मजेपेक्षा जास्त दिवस टिकतं.

“आणि ती त्याच्याकडं बघून हसली ते?”

ते तर सगळ्यात सोपं. मी मावशींना कुलेशॉव्ह सांगितला. रशियात लेव्ह कुलेशॉव्ह नावाच्या दिग्दर्शकानं शंभरएक वर्षांपूर्वी एका नटाचा एकच कोरा चेहरा घेतला. तो एकदा सूपच्या ताटलीला जोडला, एकदा शवपेटीतल्या लहान मुलीला, एकदा कोचावर पहुडलेल्या बाईला. लोक म्हणाले, काय अभिनय! भूक काय, दुःख काय, वासना काय! चेहरा तोच होता. तसं ही पोरगी कदाचित भिंतीवरच्या पालीकडं बघून हसली असेल.

मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्या माणसाला सूप दिलं का मग कुणी?”

मला उत्तर सुचलं नाही.

“तुमी चहाचा कप बघता सर,” मावशी म्हणाल्या, “मी चहा कुणी दिला ते बगते. आवाज येतच नाही ना हितं. रुसलं की माणूस जेवत नाही. मग त्याचं ताट झाकून कोण ठेवतंय? तिथं बगायचं. तोंडानं लई जण मित्र हाय म्हनतेत.”

गिरणीवाला मान डोलावत होता. माझ्या रशियाला त्यानं मान डोलावली नव्हती.

“आन् हा गाणं म्हणणारा मधात कामून येतोय?”

गाणं म्हणणारा म्हणजे अभिजीत सावंत, २००५ साली ‘इंडियन आयडॉल’चं पहिलं पर्व जिंकलेला. त्याचं बसणं-उठणं एका गटात आणि मैत्री मात्र समोरच्या गटातल्या निक्कीशी. त्यावर त्याच्याच गटातली माणसं नाराज आणि तिकडं अरबाजही नाराज. एका मैत्रीत दोन्हीकडचे नाराज करायला खरंतर कष्ट पडतात, पण त्या घराची रचनाच तशी आहे. हे मला नीट समजावून सांगायचं होतं, म्हणून मी माझ्या डब्यातली चिमूटभर जवारी घेऊन तराजूच्या पारड्यात मांडली.

समजा घरात बारा जण आहेत आणि प्रत्येकानं दोघांना नॉमिनेट करायचं आहे, म्हणजे घराबाहेर काढण्यासाठी त्यांची नावं द्यायची आहेत. एकूण मतं चोवीस. हे बघा चोवीस दाणे. आता चौघांचा एक गट आहे, ते एकमेकांची नावं घेत नाहीत. त्यांचे आठ दाणे बाहेरच्या दोघांवरच टाकायचे ठरले तर त्या दोघांवर चार-चार दाणे पडले. बाकीचे आठ जण विखुरलेले असले की झालं, ते दोघे अडकले. म्हणून तिथं मैत्री म्हणजे दाणे मोजायचं काम आहे. त्यात चौघांतल्या एकाचं बाहेरच्या कुणाशी जमायला लागलं की उरलेल्या तिघांच्या पोटात गोळा येतो. त्यांना त्याच्या सुखाचं दुःख नसतं, दोन दाणे हलतील याचं भय असतं. आणि जोडी असली तर आणखी अवघड. आज कॅप्टनपदासाठी तिला वाचवलं तर मित्र गेला, मित्राला वाचवलं तर रात्री ती पाठ करून झोपणार. म्हणून माणूस तिन्हीकडं तीन बोलतो. तिच्यापाशी एक, बिग बॉसशी एकट्यानं बोलायच्या कन्फेशन रूममध्ये एक, बागेत तिसऱ्यापाशी तिसरंच.

मला खरी दया येते ती या तिसऱ्याची. दोघांचं बिनसलं की रात्री दोनला उठून समजूत काढायला तो, निरोप न्यायला तो, दोघांचं जुळलं की दोघांनी मिळून धुवायलाही तोच. ‘तू तिला असं का सांगितलंस?’ ह्या वाक्यापाशी किती चांगल्या दोस्त्या गेल्या असतील! त्यात छातीवर माइक. कुजबूज केली तरी ऐकू जाते, माइकवर हात ठेवला तर ‘माइक नीट घाला’ म्हणून सूचना येते, आणि गळ्यात पडून कुणी काही बोललं तर कापडाची नुसती खरखर. मग खाली अक्षरं उमटतात. ती अक्षरं कुणी लिहिली, त्यानं नेमकं काय ऐकलं, हे विचारायची सोय नाही.

एवढं बोलून मी बोटानं दाणे सरकवायला गेलो तर तेवीसच होते.

“जवारी जराशी ओली हाय सर,” मावशी चावत म्हणाल्या. “अजून एक ऊन द्यायला पायजे होतं.”

एक मत त्यांनी खाल्लं होतं. निवडणूक आयोगाकडंही यावर तोडगा नसावा.

या सगळ्यात मला राग कशाचा येतो सांगू? शिवण दिसते त्याचा नाही. एकच शिवण बाईला एक आणि बाप्याला एक लागते, त्याचा येतो. तो गप्प बसला तर मागं व्हायोलिन, म्हणजे त्याच्या मनात खोल काहीतरी चाललंय. ती गप्प बसली तर मागं ढोल, म्हणजे काहीतरी डाव शिजतोय. ती हसली की नादी लावतेय, तो हसला की भोळा आहे. गोंधळ दोघांनी घालायचा आणि ‘तू नक्की काय ते सांग’ हे फक्त तिला विचारायचं. आणि दुसरं, घरातल्यांना सारखं सांगतात ते ‘मराठीत बोला’. नियम बरोबर आहे, मराठीचा कार्यक्रम आहे. पण आमचा हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, दरबाराची भाषा उर्दू होती. आमच्या तोंडात हिंदी-उर्दू अशी बसलीय की कुठं मराठी संपली ते आमचं आम्हाला कळत नाही. संभाजीनगरच्या पोरांनी तोंड उघडलं की पुण्यामुंबईचे लोक ‘ही कसली मराठी’ म्हणून नाक मुरडतात. बीडची, परभणीची बोली टीव्हीवर आली तर ती हसवायलाच. प्रेमात पडायचं असलं की सगळे प्रमाण बोलतात. मराठवाड्यात कुणी प्रेमात पडतच नाही जणू.

हे मी जरा जोरात बोललो असणार, कारण गिरणीवाल्यानं मोटर बंद केली. माझ्यासाठी नव्हे. मोबाइलवर कुणीतरी रडायला लागलं होतं.

आता गिरणीचं एक असतं. दगडांमध्ये धान्य भरलेलं असताना मोटर बंद केली की ती त्याच भारावर पुन्हा उचलत नाही, पट्टा घसरतो आणि जळका वास सुटतो. म्हणून वरचं धान्य काढून घ्यायचं, दगड मोकळे फिरवायचे, मग पुन्हा थोडं थोडं सोडायचं. त्यानं माझी उरलेली जवारी एका घमेल्यात काढली. शेजारच्या घमेल्यात मावशींचा गहू होता. पडद्यावरचं रडणं संपलं, मोटर सुरू झाली, त्याची नजर मोबाइलवरच आणि हात शेजारच्या घमेल्याला. गहू माझ्या डब्यात उतरायला लागला. त्यात माझ्या आधी कुणाची तरी हरभऱ्याची डाळ दळलेली. डाळीनंतर दोन ओंजळी धान्य टाकून दगड साफ करायचे असतात आणि पीठ उतरतं ती कापडी नळी झटकायची असते. तेही राहिलं होतं. कधी करणार? सर बोलत होते ना.

जवारीत गहू मिसळला की भाकरी चिवट होते आणि थापताना हाताला वेगळीच लागते. मी ओरडलो तेव्हा दोनेक किलो गहू उतरला होता.

“आरं, मपला गहू!” मावशी उठल्या.

“तुमीच तर समजावून सांगायलता,” गिरणीवाला मला म्हणाला.

म्हणजे चूक माझी. मग मिटवामिटवी झाली. माझी उरलेली दोन किलो जवारी घमेल्यासकट मावशींच्या पिशवीत, त्यांचा दोन किलो गहू माझ्या डब्यात. ज्या दाण्याला त्यांनी ओला म्हणून नाव ठेवलं होतं त्याचेच दोन किलो त्यांनी बिनतक्रार बांधून घेतले. दळणाचे पैसे मात्र माझ्याकडून आठ किलोचे पूर्ण घेतले. मी घासाघीस केली नाही, कारण तेवढ्यात मावशी म्हणाल्या,

“सर, एवढं कापलेलं दिसतंय तुमाला. डब्यात मिसळायलेलं दिसलं नाही व्हय?”

गिरणीत होते-नव्हते तेवढे सगळे हसले. मोटर बंद होती, त्यामुळं नीट ऐकू आलं.

“जाऊ द्या,” त्यांनीच वर समजूत काढली. “जवारी हाय, गहू हाय, डाळीचा वास हाय. धपाटे करायला सांगा घरी. तिखट, हळद, लसूण, तीळ, कोथमीर घाला आन् ओल्या फडक्यावर थापा.”

घरी पीठ बघून बायकोनं एवढंच विचारलं, “हे काय आणलंत?” मी गिरणीतली सगळी हकिकत सांगितली, कुलेशॉव्हसकट. तिनं पिठात बोट बुडवून चव घेतली आणि सांगितलं, “धपाटे होतील.”

आठ किलोला दोन माणसं आहोत. रोज सकाळी दोन-दोन, दह्याबरोबर. चांगले लागतात, तीच तर चीड आहे.