साहेब धूळ मोजायला येतायत? बिनधास्त राहा!

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं पत्र आलं म्हणून कुणी बीपीची गोळी घेतं का? तुमच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, वाळू आहे, वाळूत सिलिका आहे, ती फुप्फुसात जाऊन बसते, हे सरकारला 1948 चा कारखाने अधिनियम झाला तेव्हापासून ठाऊक आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात सिलिकोसिसचं, म्हणजे त्यातून होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं, नाव छापलेलं आहे. इतकी वर्षं माहीत असलेली गोष्ट मंगळवारी सकाळी अकरा वाजता अचानक कशी सापडेल?

तरी पाहुण्यांसाठी घर आवरावंच लागतं. गेटपासून ऑफिसपर्यंतच्या दगडांना चुना फासा. 'सुरक्षा प्रथम'चा बोर्ड पुसून घ्या, नाहीतर साहेबांनी त्यावरून सहज बोट फिरवलं तरी नमुना घेतल्यासारखं होतं. फेटलिंगचं, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याचं, खातं रात्रीच धुऊन काढा आणि वाळूचे साचे फोडतात त्या नॉक-आउटपुढे 'मेंटेनन्स' लिहून टाका. आता शास्त्र असं सांगतं की डोळ्यांना दिसणारी जाडी धूळ बरीचशी नाकाघशातच अडकते. माणूस निकामी करते ती न दिसणारी. पण साहेबांनाही देवानं दोन डोळेच दिलेत. दिसते तेवढी काढा.

मास्क आदल्या संध्याकाळी वाटा. सकाळी वाटलेत तर पुडक्यातल्या घड्या तशाच दिसतात, आणि चाळीस माणसांच्या नाकावर एकाच ठिकाणी मोडलेली घडी बरी दिसत नाही. मास्क लावून कुणाला फार वेळ ग्राइंडिंगला उभं करू नका, भट्टीच्या धगीत जीव गुदमरतो आणि पोरगं नेमकं साहेबांसमोर मास्क गळ्यात ओढतं. मास्कवाटपाची नोंदवही मात्र जरा डोकं वापरून भरा. वर्षभराच्या सह्या एका बैठकीत, एकाच बॉलपेननं केल्या की एप्रिल गडद उठतो, दिवाळीला शाई फिकी होते आणि जानेवारीत कागदावर नुसता चरा उरतो. फेब्रुवारीपासून अचानक निळ्याची काळी. दोन-तीन पेनं ठेवा. 31 जूनला मास्क वाटू नका.

खरी परीक्षा म्हणजे ते यंत्र. कामगाराच्या कमरेला छोटा पंप, कॉलरला फिल्टरची डबी, आणि पाळीभर तो जी हवा ओढतो त्यातली धूळ मोजायची. कायद्यात मर्यादेचं सूत्र दिलंय, धुळीत क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, जितका जास्त तितकी मर्यादा कमी. घाबरू नका. ही डबी कुणाच्या कॉलरला लावायची, एवढाच प्रश्न आहे. सगळ्यांना त्याच दिवशी कोरे युनिफॉर्म दिलेत, तर फेटलिंगवाला कोणता आणि स्टोअरवाला कोणता हे कपड्यांवरून कळत नाही. स्टोअरवाल्याला पुढे करा, तो गप्पिष्ट असला तर उत्तमच. शिवाय पाळीभर थांबणार कोण? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अधिकारी आणि पुढ्यात जिल्हाभराचे कारखाने. दुपारच्या जेवणानंतर साहेबांना पुढच्या गेटवर जायचं असतं. शहाळं आधी द्या.

आणि समजा, साहेब प्रामाणिक निघाले तर? निघतात हो अधूनमधून. शहाळं नाकारतात, स्टोअरवाल्याला बाजूला सारतात, थेट कोपऱ्यातल्या खोकणाऱ्या माणसाकडे जातात. तेव्हाही धीर सोडू नका, कारण तिथे तुम्हाला डॉक्टर वाचवतात.

सिलिकोसिसचा एक्स-रे आणि क्षयाचा एक्स-रे सराईत नजर नसेल तर सख्खे भाऊ वाटतात. त्यातून सिलिकाने पोखरलेल्या फुप्फुसात क्षय लवकर शिरतोही, म्हणजे डॉक्टर अगदीच चूक असतात असंही नाही. माणूस खोकतोय, वजन उतरतंय, राहतो दाटीच्या वस्तीत. टीबी! सहा महिने गोळ्या फुकट. खोकला थांबत नाही, पुन्हा गोळ्या. केसपेपरावर नाव, वय, पत्ता, सगळं असतं. 'वाळूत किती वर्षं काम केलंत?' एवढं एकच कुणी विचारत नाही. टीबी झाला की दोष वस्तीचा, सिलिकोसिस ठरला की दोष तुमचा. म्हणून टीबीच्या जनजागृतीला सढळ हातानं देणगी द्या. डॉक्टरनं असा आजार मुख्य कारखाने निरीक्षकांना कळवलाच पाहिजे, असं 1948 च्या कायद्यात होतं खरं. न कळवल्यास त्यात दंड किती? हजार रुपयांपर्यंत. स्पेशालिस्टची एक फी.

तिकडे राजस्थान सरकारनं 2019 मध्ये या आजारासाठी वेगळं धोरणच काढलं, प्रमाणपत्र मिळालेल्या आजाऱ्याला सरकार पैसे देतं. असल्या बातम्या कॅन्टीनमध्ये मोठ्यानं वाचू देऊ नका. अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथे या विषयातली जाणती माणसं बसतात. बसू द्या.

तक्रार कुणी केली असेल, याचा शोध साहेबांकडून लागणार नाही, नाव फोडायला त्यांना कायद्यानं मनाई आहे. तुम्हाला कशाला हवं नाव? ज्याला जिना चढताना मधे थांबावं लागतं त्याला पुढच्या महिन्यात ठेकेदार कामावर घेत नाही, एवढं पुरे. ठेकेदार ही तर तुमची खरी लस. हा आजार छातीत मुरायला बहुधा दहा-पंधरा वर्षं घेतो, ठेका वर्षाचा. माणूस त्याच ग्राइंडरवर उभा, वर ठेकेदार बदलत गेलेले, आणि तुमच्या हजेरीपटावर तो कधी नव्हताच. त्याच्या फुप्फुसात वाळू तुमची असेल, पण तिच्यावर काही कंपनीचा शिक्का नसतो.

याहून सोपं हवं असेल तर फेटलिंग बाहेर द्या. पूर्वी वीज वापरून दहा माणसं कामाला लावली की कारखाना व्हायचा. 2020 च्या कामगार-सुरक्षा संहितेनं ती रेघ विसावर नेली. मेव्हण्याच्या नावावर रस्त्यापलीकडे पत्र्याची शेड टाका, आत सतरा-अठरा जण बसवा. तिथे पंखा असतो, तो धूळ एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर नेतो. तुमचं आवार एकदम स्वच्छ. साहेबांनी पंप कुणालाही लावावा.

एवढं करूनही शेरा आलाच तर तो असेल, 'धूळ शोषक यंत्रणा बसवून पूर्तता अहवाल सादर करावा.' बसवा. म्हणजे यंत्र आणून भिंतीला लावा, हार घाला, नारळ फोडा, मोबाइलवर दिवस-वेळ उमटेल असा फोटो काढा आणि पाठवून द्या. डक्ट जोडायची घाई नको, वीजबिल वाढतं. फोटो काढताना डावीकडून काढा, उजव्या बाजूला प्लग लोंबतो.