राष्ट्रीय ग्रंथालय चार हात दूर ठेवण्याची रीत
आपल्या सार्वजनिक ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय ग्रंथालयाची साधने वापरायला शिकवा, असे पत्र वरून आले तर आपण मुळीच घाबरू नये. थोडी दक्षता बाळगली, तर प्रशिक्षणही पार पडते आणि कर्मचारीही होते तसेच राहतात.

प्रशिक्षणात राष्ट्रीय ग्रंथालयाची भव्य इमारत, स्थापनेचे वर्ष आणि एकूण ग्रंथसंख्या यांवर भर द्यावा. प्रत्यक्ष शोध कसा घ्यायचा, हा भाग आभारप्रदर्शनानंतर वेळ उरल्यास घ्यावा. निमंत्रण अर्थातच वरिष्ठांना असावे. वाचक ज्याला रोज प्रश्न विचारतात त्या सहायकाला पाठवले, तर देवघेवीचा काउंटर कोण सांभाळणार, हा मुद्दा बिनतोड आहे.

तालिकीकरणाच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या, बाबतीत विशेष सावध राहावे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ मध्ये आपली छापील तालिकापत्रे इतर ग्रंथालयांना विकायला सुरुवात केली आणि एकाने केलेली नोंद सर्वांनी वापरण्याची खोड बळावत गेली. आता तर पुष्कळ पुस्तकांची नोंद वर्गांक आणि विषयशीर्षकांसह आयती उतरवून घेता येते. आपल्या सहायकाने मात्र शीर्षकपृष्ठ समोर धरून, लेखकाचे आडनाव एकदा ऱ्हस्व आणि एकदा दीर्घ लिहीत, तीच नोंद नव्याने घडवावी. अशाने एका लेखकाचे दोन लेखक होतात आणि संग्रहात विविधता आल्याचे वार्षिक अहवालात दाखवता येते.

वाचकाने दुर्मीळ पुस्तक मागितले, तर ‘आमच्याकडे नाही’ एवढेच उत्तर द्यावे. प्रकाशित ग्रंथाची प्रत राजाच्या ग्रंथालयात जमा करण्याची सक्ती फ्रान्समध्ये १५३७ साली झाली आणि पुढे असे कायदे अनेक देशांनी केले, त्यामुळे ते पुस्तक राष्ट्रीय ग्रंथालयात असण्याचा संभव मोठा. परंतु ते आपण होऊन सांगणे म्हणजे स्वतःच्या कपाटांची बदनामी करणे होय.

सर्वांत घातक प्रकार जुन्या वृत्तपत्रांचा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर ती कोणालाही विनामूल्य शोधता येतात, इतकेच नव्हे तर यंत्राने चुकीची वाचलेली अक्षरे वाचक स्वतः दुरुस्त करतात. पणजोबांच्या बोटीची बातमी शोधणाऱ्या वाचकाला आडनावाने काहीच सापडले नाही, की जाणता कर्मचारी यंत्राने अक्षर चुकवले असेल हे ओळखतो, आडनाव सोडून बोटीचे नाव आणि महिना टाकतो आणि बातमी पडद्यावर येते. अशा वाचकाचे समाधान होते, तो चार जणांना सांगतो, आणि मग ते चौघेही येतात.

ज्या सेवेला सदस्यत्व लागते, तिचे खाते बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याच्या नावावरच राहू द्यावे. विसरलेला पासवर्ड बदलण्याचा दुवा त्यांच्याच ईमेलवर जातो.

एवढे करूनही एखादी सहायक आपली आपण शिकली आणि वाचक तिचे नाव घेऊन चौकशी करू लागले, तर तिचा शाल देऊन सत्कार करावा आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हाती जडसंग्रह नोंदवही द्यावी. खुर्च्या मोजण्याचे काम वर्षभर सहज पुरते.