दुष्काळाचं खापर पाळण्यावर फोडू नका

गेले काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. सांगणं असं की, माणसं वाढली की धान्य पुरत नाही, दुष्काळात माणसं मरतात, उरलेली एकमेकांच्या उरावर बसतात, आणि निसर्ग आपला तोल सांभाळतो. दाखला म्हणून 1876 चा दख्खनचा दुष्काळ आणि त्याच्या आदल्या वर्षीचे शेतकऱ्यांचे दंगे दिलेत. दोन्ही आपल्याच मुलखातले, म्हणून गप्प बसवत नाही.

'माणसं जास्त, धान्य कमी.' 1876 ला पावसाने दगा दिला, पिकं बुडाली, हे खरं. पण सोलापूरपर्यंत रेल्वे 1860 सालीच पोचली होती आणि दुष्काळात तिच्यावरून धान्य येतही होतं. ते घ्यायला मजुराच्या गाठीला पैसा नव्हता. व्यापारात हात घालायचा नाही, हे सरकारचं धोरण. परदेशी निर्यातही थांबवली नाही. 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर करणारा दरबार भरला. त्याच महिन्यात, सरकारने दुष्काळी कामं बघायला पाठवलेल्या रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडी चिल्लर, एवढ्यावर आणली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही, तेही दिवसभर राबून! हजारो मजूर कामं सोडून गेले, लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे नेणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. 'लोकसंख्या फार वाढते' हे तेव्हा खुद्द व्हाईसरॉय लिटनच सांगत होते. त्यांचा तो बचाव आज आपणच एकमेकांना पाठवतोय, याचं वाईट वाटतं.

आता 1972 चा दुष्काळ बघा. महाराष्ट्राची लोकसंख्या 5 कोटींवर गेलेली, धान्याचं उत्पादन जवळपास निम्म्यावर आलेलं. मेसेजचा हिशोब खरा असता, तर गावंच्या गावं ओस पडायला हवी होती. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसं सरकारी कामांवर होती. माझी आजी त्यांतली एक. खडी फोडताना उडालेल्या कपचीचा व्रण तिच्या भुवईवर शेवटपर्यंत होता. मजुरी उशिरा मिळायची, रेशनची मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) घशाखाली उतरायची नाही, सुकडी या पूरक आहारासाठी रांग लागायची. हाल झालेच. पण 1877 सारखे मुडदे पडले नाहीत.

'गर्दी वाढली की दंगे होतात.' 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांवर चालून गेले. दुकानं लुटली, काही घरं पेटवली; पण त्यांना हवे होते कर्जरोखे, म्हणजे कर्जाचे लिहून दिलेले कागद, आणि खातेवह्या. पुढे गावोगाव हेच झालं. कागद हाती आले की ते जाळायचे. माणसांवर हात क्वचितच पडला. गर्दीने पिसाळलेला जमाव रोखे शोधत बसत नाही.

या रोख्यांत काय होतं? 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीनच वर्षं चालायचा. हेतू कुळाच्या, म्हणजे कर्जदार शेतकऱ्याच्या, भल्याचा होता. सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि लिहिता-वाचता न येणारं कूळ त्यावर निशाणी करत राहिलं. सरकारी चौकशीत 100 रुपयांच्या कर्जावर 2,000 हून जास्त व्याज लावल्याचं प्रकरण निघालं. त्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून तिथला कापूस पुन्हा बाजारात आल्याने इथल्या कापसाचा भाव कोसळलेला, आणि शेतसारा काही तालुक्यांत दीडपट-दुप्पट झालेला. माणसं वाढली होती, पडीक जमीनही नांगराखाली आली होती, हे मान्य. पण 1879 साली सरकारनेच जो कायदा केला, त्याने कोर्टाला रोख्यामागचा खरा हिशोब तपासायला लावला. दुखणं कुठे होतं, ते त्यांनाही कळलं होतं.

'निसर्ग तोल सांभाळतो.' मग निसर्ग सावकाराचं घर का वगळतो? दुष्काळात आधी मेले ते भूमिहीन मजूर, विणकर, कारागीर. आणि महाराष्ट्रात जननदर 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत बाईमागे 1.7 मुलांवर आला होता, तो उपासमारीने नाही. मुली शिकल्या, बाळं जगू लागली, गर्भनिरोधनाची साधनं गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोचली.